चतुःसीमा

ईरण्णानं आधी पाण्याचं सांगितलं.
नळाला आठ दिवसांतनं एकदा, पण बोअर गोड.
मग खात्याचं, मग गटारीचं,
मग मागच्या आंब्याचं,
जणू कैऱ्याही मोजून दिल्यात खरेदीपत्रात.
वैजयंतानं विचारलं, आणि शाळा?
‘शाळंचं काय, बस येतंय की दारात, वैनी.’

हे आम्ही बघितलेलं सहावं घर.
हिंदवाडीतलं आमच्या ऐपतीच्या दोन खोल्या पलीकडं;
शेजारची शाळा एवढी भारी
की तिच्या फाटकाच्या सावलीचेही पैसे
मालकानं घरात धरलेले.
मच्छेतलं स्वस्त होतं,
पण पोरीनं रोज हमरस्ता ओलांडायचा,
आणि तिथं ट्रक थांबत नाहीत, हॉर्न देतात.

पुण्याहून भुजंग फोनवर,
‘इंग्लिशमध्ये घाल आणि मोकळा हो.’
तो मोकळा होऊन अकरा वर्षं झाली.
गणपतीला येतो.

मी उद्यमबागेत लेथवर.
केसाएवढं माप चुकलं तर बेअरिंग बसत नाही,
एवढं मला कळतं.
शाळेला कुठला गेज लावतात?

वैजयंतानं लावला.
अनगोळातल्या त्या घरासमोर, मोरीच्या कठड्यावर,
मेथीची पिशवी मांडीवर घेऊन
ती चार दिवस शाळा सुटायच्या वेळेला बसली.
भरलेली शाळा कुणालाही दाखवता येते, म्हणाली,
सुटलेली बघायला पाहिजे.
एका पोराची बाटली वर्गात राहिली,
ते परत गेलं, आणि कुणी ओरडलं नाही.
हे तिनं मला दोनदा सांगितलं.

एकाच आवारात दोन शाळा,
इकडं मराठी, तिकडं कन्नड,
मधे एक नळ, एक घंटा, भाताचं एकच पातेलं.
मैदानात चुन्याची एक रेघ होती.
मी बघून घेतलं, ती खो-खोची.
दोन पोरी फाटकातनं जाताना एक म्हणाली,
‘नाळे येतीस काय गं?’
दुसरी म्हणाली, ‘हूं.’

मुतगेकर बाईंनी हजेरी उघडून दाखवली.
‘यंदा पहिलीत नऊ.
तुम्ही घर घ्या, मग बघू, शाळा टिकतीय का.’
हसल्या, पण हजेरी मिटली नाही.

त्या रात्री मी हिशोब करत बसलो.
कर्ज पंधरा वर्षांचं.
शाळा किती वर्षांची?
बँकेच्या कुठल्याच कागदावर हा रकाना नाही.

आता माझं सांगतो.
कन्नडचा तास मी चिंचेखाली काढला,
पाचवीपासून दहावीपर्यंत, मोठ्या अभिमानानं.
त्या अभिमानापायी अजून
आलेली प्रत्येक नोटीस हातात घेऊन
रुद्रव्वाच्या दारात उभा राहतो.
ती चष्मा शोधते, वाचते,
‘काही नाही, घरपट्टी’ म्हणते, चहा टाकते.
चहा चांगला असतो.

रजिस्टरच्या कचेरीत त्या दिवशी सर्व्हर बंद.
खरेदीपत्र कन्नडात, चौदा पानं.
आयुष्यातलं सगळ्यात महाग वाचन
आणि मला फक्त आकडे कळत होते.
गार्गी तिसरीत आहे, भाड्याच्या घराजवळच्या शाळेत,
तिथं कन्नडही शिकवतात.
बाकावर गुडघे टेकून तिनं कागदावर बोट ठेवलं.
पूर्वक्के… रस्ते.
दक्षिणक्के पाटलांचा खुला प्लॉट.
एका जोडाक्षरावर अडली,
क्लार्कनं मान वर न करता सांगितलं.
पश्चिमक्के… नंतर उत्तरक्के…
शा… ले… य… जागा.

‘पप्पा, आपल्या उत्तरेला शाळा आहे!’

मला माहीत नसल्यासारखी बघत होती.
होय की, म्हणालो.
सही मराठीतच केली.
पहिली चुकीच्या जागी झाली,
तिनंच बोट ठेवून दाखवली बरोबर जागा.